भिंतीकडे तोंड करून

दिवाळी

धाग्याचा एजंट यंदा मिठाईऐवजी ही डायरी देऊन गेला. म्हणजे त्याचाही धंदा बसला असणार. मंजुला म्हणाली, "लिहा काहीतरी त्यात. तेवढंच माझं डोकं खाणं कमी होईल." बायकोचा सल्ला म्हणून लिहितोय.

चोपडापूजन आज गाळ्यावर झालं. हिशोबाच्या चोपड्या आता नावालाच. आमच्या भटजींनी, गोर महाराजांनी, कुंकू सगळं कॉम्प्युटरलाच लावलं, पडद्यावर साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, माऊसला लाल नाडा बांधला. मग आमच्याकडची रीत: बापुजी नव्या वर्षाचा पासवर्ड ठेवतात आणि आम्ही सगळे पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहतो. मी, मशीनवरचे कारागीर, गोर महाराजसुद्धा. सुरतेत एम्ब्रॉयडरीचं डिझाइन सकाळी काढलं की संध्याकाळी शेजारच्या गाळ्यात मशीनवर चढलेलं असतं. म्हणून ॲडमिनचा पासवर्ड एकट्या बापुजींकडे. त्याच्याशिवाय डिझाइन पेनड्राइव्हवर उतरत नाही, मशीनला जात नाही, फायलींनासुद्धा त्याचंच कुलूप. मशीनी मी सांभाळतो, बाजार मी फिरतो, पन्नाशी उलटली, आणि वर्षाच्या सणाला शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा राहून भिंतीचे पोपडे बघतो.

बायकांचं बरं असतं. त्यांना कोणी तोंड फिरवायला सांगत नाही. मंजुला दारात होती आणि जागृती आरतीचं ताट घेऊन बापुजींच्या खुर्चीपाशी. जागृती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विपुलची, बायको. विपुल हायवेवर अपघातात गेला तेव्हापासून बापुजींनी तिला कॉम्प्युटरवर बसवलंय. डिझाइन बापुजींच्या डोक्यातलं, ती नुसता माऊस हलवते. घरात ती रीतीप्रमाणे माझ्यासमोर लाज काढते, पदर तोंडावर ओढते, जेठाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलत नाही. गाळ्यावर मात्र मी समोर नसताना पदराची मोकळीक बापुजींनी तिला दिलीय. मला पसंत नाही, पण मला विचारतो कोण?

आज पासवर्डला फार वेळ लागला. "हं, आता पुढचं," असं बापुजी हळूच म्हणत होते. स्वतःशीच बोलायला लागलेत.

आता कॉम्प्युटर लाभपांचमेला, नव्या वर्षाच्या पाचव्या दिवशी, मुहूर्तावरच उघडायचा. त्या दिवशी बिपिनशेठ येणार आहे. लग्नसराईची डिझाइनं त्याला दाखवायची. पसंत पडली की गाळा मशीनींसकट आणि डिझाइनांसकट त्याचा, आणि मी त्याच्या रिंगरोडच्या दुकानात भागीदार. उन्हाळ्यात एसीत बसेन, मशीनींचा खडखडाट सुटेल. बापुजींना नंतर सांगेन. आधी सांगितलं तर ते विपुलच्या फोटोकडे बघत बसतील.


बेसतं वरस

नवं वर्ष उजाडलं ते असं उजाडलं.

पहाटे दारात शकुनाची म्हणून विकायला आलेली मिठाची पुडी घेतली, आंघोळ केली, बापुजींच्या पाया पडायला गेलो. मंजुला आधी पडली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मी वाकलो. वाकलेलाच राहिलो. हात आलाच नाही. मांडीवर तसाच. मला वाटलं, बिपिनशेठचं यांच्या कानावर गेलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी पोराला आशीर्वाद नाही! मी उठलो आणि सोसायटीत साल मुबारक करायला निघून गेलो. चार घरी मठिया खाल्ल्या, हसलोसुद्धा.

तासाभराने मंजुलाचा फोन. जागृतीने चहा दिला तर तो बापुजींच्या ओठांतून ओघळून सदऱ्यावर पडला. तिनेच खाली धावत जाऊन रिक्षा आणली. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव वाचला.

डॉक्टर मला म्हणाला, "हात उचलेना तेव्हाच आणलं असतं तर खूप फरक पडला असता. घरात कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

माझ्या कसं लक्षात येणार? तो हात माझ्या डोक्यावर येत नाही, ही आमच्या घरात काही नवी गोष्ट नाही.


भाईबीज

आज दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या एकदम आठवलं. पासवर्ड!

मंजुलाला म्हटलं तर ती म्हणते, "बाप मरणाच्या दारातून आलाय आणि तुम्हाला कॉम्प्युटर सुचतोय?" मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जागृती काहीतरी सांगू म्हणतेय. कॉम्प्युटरचंच आहे."

"तिला म्हणावं, बापुजींचं तोंड पूस. कॉम्प्युटरचं मी बघतो."

मंजुला बापुजींच्या कॉटभोवतीच्या पडद्याआड गेली आणि परत आली. निरोप पोचला असणार.

दुपारी एकटाच गाळ्यावर गेलो. मुहूर्ताच्या आधी पडद्यावरचा साथिया पुसला. कोणाला सांगितलेलं नाही. देवाला कळत असेल की गरज कोणाची आहे.

आधी 'खोडियार' टाकलं, आमची कुलदेवी. नाही. गावाचं नाव. नाही. 'जीवीबा', माझी आई. नाही. मग मनावर दगड ठेवून 'विपुल' टाकलं. मला खात्री होती. बोटं ठेवतानाच राग आला होता, की उघडणार, आणि उघडलं तर मला आयुष्यभर ते नाव टाकून धंदा करावा लागणार. पण तेही नाही. विपुलच्या पुढे त्याचं जन्मवर्ष, मग लग्नाचं वर्ष, मग गेला ते वर्ष. मशीन म्हणालं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

विपुल नाही, हे बघून बरं वाटलं का वाईट, ते अजून कळलेलं नाही.


त्रीज

सकाळी पाटीवर मुळाक्षरं लिहून दवाखान्यात नेली. बापुजींना म्हटलं, "मी एकेका अक्षरावर बोट ठेवतो. बरोबर अक्षर आलं की डोळे मिटा." त्यांनी पहिल्याच अक्षराला डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. नर्सला विचारलं तर म्हणते, "काका जागे आहेत. त्यांना सगळं कळतं."

सगळं कळतं म्हणे! मी बाहेर जाऊन पाच मिनिटांनी आलो तर जागृतीच्या हातची खिचडी खात होते, डोळे टक्क उघडे. मला बघून तिने पदर ओढला आणि बाजूला झाली.

मग मी सरळच सांगितलं. मनात ठेवून मलाही त्रास होतो. कानाशी वाकून म्हटलं, "बापुजी, बिपिनशेठ लाभपांचमेला गाळा घेतोय. डिझाइनं दाखवली नाहीत तर सौदा जाईल. पासवर्ड सांगा. तुमच्या औषधपाण्यासाठीच करतोय मी." ऐकलं त्यांनी. मग डाव्या हाताने कॉटची दांडी धरली आणि किती कष्टाने, हळूहळू, कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टर काही म्हणोत, डोक्यावर परिणाम झालाय.

कॉरिडॉरमध्ये मंजुला म्हणाली, "ती पुन्हा म्हणतेय. एकदा मोटाभाईंशी, म्हणजे तुमच्याशी, समोरासमोर बोलायचंय म्हणते. मला काही सांगत नाही. म्हणते, त्यांनाच सांगेन."

माझं टाळकंच सरकलं. "जेठाशी समोरासमोर? विपुल गेला म्हणजे घराची रीतही गेली का? बापुजींनी डोक्यावर बसवून ठेवलीय. मोटाभाईंशी काय बोलायचंय ते मला माहितीय, माझं काय होणार, मुलीचं काय होणार. सांगून टाक तिला आजच. बिपिनशेठकडे त्याचे डिझाइनर आहेत. गाळा गेला की इथे तिचं काही काम नाही. तिने मुलीला घेऊन अमरेलीला माहेरी जावं."

"अहो, हळू बोला. पडद्यामागेच आहे ती."

"मग ऐकलं असेल. तुला सांगायचे कष्ट वाचले."

मंजुला आत जाऊन आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. बरं, म्हणाली."

बरं म्हणाली म्हणजे समजूतदार आहे. मला वाटलं होतं, रडारड करेल.


चोथ

अल्पेश नावाचा माणूस आणला. मार्केटमधल्या सगळ्यांची कॉम्प्युटरं तोच दुरुस्त करतो. तोंडात मावा, खांद्याला झोळी, पण माणूस हुशार. त्याने बराच वेळ खटपट केली आणि हात पुसत म्हणाला, "काका, पासवर्ड शोधून देणं माझ्या बापाला जमणार नाही. मोडून देतो म्हणाल तर अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग मोड ना! शुभमुहूर्ताची वाट बघतोयस का?"

"ऐका तरी. मोडला की मशीन उघडेल. पण तुमच्या डिझाइनांना वेगळं कुलूप घातलंय, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे हाच पासवर्ड. पासवर्ड आठवून टाकलात तर सगळं उघडेल. मी जबरदस्तीने बदलला तर फायली दिसतील, पण उघडणार नाहीत. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. मग जुना पासवर्ड सापडला तरी नाही. वेगळी राखीव किल्ली काढून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी."

"असेल. बापुजी असली कामं कच्ची करत नाहीत."

"असेल नका म्हणू. बघितलीय?"

मी बघितली नव्हती. पण तो ज्या सुरात विचारत होता, तो मला आवडला नाही.

"थोडे दिवस थांबा," तो म्हणाला. "लकव्यात वाचा परत येते कधीकधी. आणि घरात सगळ्यांना विचारलंत का?"

"सगळ्यांना विचारलं. कारागिरांना विचारलं, गोर महाराजांना विचारलं, सोसायटीच्या बाकावर बापुजींबरोबर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. मी काय मूर्ख आहे?"

तेवढ्यात दारात जागृती. तिची उशी आणि चष्मा खुर्चीवर राहिला होता, तो न्यायला आली होती. अल्पेशचं बोलणं तिने ऐकलं असावं. उशी घेतली, चष्मा घेतला, तरी जाईना. पदर तोंडावर, आणि दाराच्या चौकटीला धरून उभी. बराच वेळ.

मी म्हटलं, "मंजुला इथे नाहीये. कोणामार्फत बोलशील? जा, बापुजींना जेवायची वेळ झाली."

ती गेली. अल्पेश जिन्याकडे बघत म्हणाला, "काका, त्या कोण?"

"घरातलीच. तू तुझं काम कर."

"मग मोडू? शेवटचं विचारतो."

एकीकडे वाटत होतं, थांबावं. खरंच वाटत होतं, खोटं कशाला लिहू? पण बिपिनशेठ उद्या येणार. तो दुसऱ्या गाळ्यावरही बोलतोय हे मला बाजारातून कळलंय. आणि दुसरं असं की बापुजींचं तोंड भिंतीकडे वळलेलं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तुम्ही सांगणार नाही? नका सांगू.

"मोड," म्हटलं.

अर्ध्या तासात मशीन उघडलं. पडद्यावर डिझाइनांची नावं ओळीने आली: मोगरा, केरी, राजवाडी, जाळी, मोरबाग. मी अल्पेशची पाठ थोपटली. तो म्हणाला, "एखादी उघडून बघा." मी म्हटलं, उद्या मुहूर्तावर बघू. साथिया एकदा पुसलाय, आता उरलेलं तरी रीतीने होऊ दे.


लाभपांचम

हे रात्री सगळे झोपल्यावर लिहितोय.

बिपिनशेठ वेळेवर आला. पेढे घेऊन आला, मला मिठी मारली, बापुजींची चौकशी केली. मी अगरबत्ती लावली, नारळ फोडला, त्याला खुर्चीत बसवलं आणि ऐटीत 'मोगरा' दाबलं. परवानगी नाही. 'केरी'. परवानगी नाही. एकेक करून सगळी दाबली. मागे बिपिनशेठचा श्वास ऐकू येत होता. पेढा त्याच्या हातात तसाच होता.

"रसिकभाई," तो म्हणाला, "रिकाम्या डबीचं झाकण दाखवायला बोलावलंत का मला?"

अल्पेशला फोन केला. तो म्हणाला, "काका, मी काय सांगितलं होतं?" मी फोन ठेवला. राखीव किल्ली कुठे मिळते का म्हणून ड्रॉवर उपसले. बिपिनशेठ शांतपणे बघत होता. मग म्हणाला, "मागच्या सीझनचा तुमचा मोगरा अख्ख्या मार्केटने उचलला. हे काढतं कोण?"

"बापुजी."

"गोरधनबापा? त्यांची बोटं तर वर्षभर थरथरतात. माझ्या दुकानात चहाची बशी धरता येत नव्हती त्यांना."

मी पुढचा ड्रॉवर ओढला. तेवढ्यात जागृती आली. लाभपांचमेचा दिवा दरवर्षी ती लावते, म्हणून ताट घेऊन आली होती. ताट टेबलावर ठेवलं आणि पदर मागे सारला. परक्या माणसासमोर, माझ्यासमोर. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा मी असा सरळ कधी बघितला नव्हता. विपुलच्या लग्नातसुद्धा नाही.

"मोटाभाई, मोडलात ना?"

"तुला कोणी बोलायला..."

"पासवर्ड मला माहीत होता. दिवाळीला बापुजींची बोटं ऐकत नव्हती, म्हणून एकेक अक्षर ते सांगत होते आणि मी दाबत होते. दोन वर्षं मीच दाबतेय. तुम्ही भिंतीकडे बघत होता."

बिपिनशेठने पेढा परत डब्यात ठेवला.

मी ओरडलो, "मग एवढे दिवस मूग गिळून का बसलीस? धंदा बुडाला माझा!"

"दोनदा भाभींकडून सांगून पाठवलं. भाईबीजेला तुम्ही म्हणालात, तोंड पूस. परवा म्हणालात, अमरेलीला जा. काल दारात उभी होते. ते दुरुस्तीवाले तुम्हाला विचारत होते, घरात सगळ्यांना विचारलंत का. मी मनात म्हटलं, आता विचारतील. एकदा मान वर करून 'जागृती, तुला माहितीय का' एवढं म्हणाला असता, तर मी तिथेच टाकून दिला असता. अमरेलीला जायचं असूनही."

"बापुजींनी तुला सांगितलं असणार, याला देऊ नकोस म्हणून!"

"बापुजींना बोलता कुठे येतं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचा मला जास्त राग आला.

"काय होता तो?"

"आता त्याचं काय करणार, मोटाभाई?"

तिने दिवा लावला. तसल्या मशीनसमोरसुद्धा लावला. बिपिनशेठ उठला, मला वाटलं निघाला. पण तो तिच्याकडे वळून म्हणाला, "बेन, ही सगळी पुन्हा काढता येतील?"

"वेळ लागेल," ती म्हणाली. "डोक्यात आहेत."


आठम

बिपिनशेठला गाळा नको. मशीनी नकोत. मीही नको. जागृतीला त्याने कतारगामच्या ऑफिसात डिझाइनला ठेवलं, मुलीची शाळाही तिथूनच जवळ. भर बाजारात लोक मला थांबवून अभिनंदन करतात. "घरातला हिरा होता हो तुमच्या!" मी पण म्हणतो, हो ना.

मंजुला वाढते, पण बोलत नाही. ताट आपटतही नाही. आपटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.


देवदिवाळी

जागृती आज गेली. कतारगामला खोली घेतलीय. सामान काही फार नव्हतं. विपुलचा फोटो भिंतीवरून काढला तेव्हा मी अडवलं नाही.

बापुजींना घरी आणून दोनतीन दिवसच झालेत. काठी धरून चार पावलं टाकतात. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. टेम्पो खाली लागला तसे ते कॉटवरून उठले, डाव्या हाताने टोपी घातली आणि दारात जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "बापुजी, तुम्ही कुठे? सोसायटी काय म्हणेल? मुलगा असताना सुनेकडे राहणार?" त्यांनी ऐकलं. त्यांना सगळं कळतं, नर्स म्हणालीच होती. जागृती जिन्यात थांबली. तिने त्यांना बोलावलं नाही, नाहीही म्हटलं नाही, नुसता हात पुढे केला. एकेक पायरी उतरायला त्यांना किती वेळ लागला! मी वर कठड्याला धरून उभा होतो. टेम्पोत बसल्यावर तरी वर बघतील असं वाटलं होतं. ते पुढे बसले आणि समोर रस्त्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी गाळ्यावर आलो. मशीनी बंद. इथेच बसून लिहितोय.

हल्ली जेवताना, आंघोळ करताना एखादा शब्द सुचतो आणि वाटतं, हाच असणार. बापुजींचा बैल, गावची विहीर, पहिलं मशीन आणलं तो वार. आता टाकून बघायलाही काही नाही. पण एक शब्द भाईबीजेच्या दिवशीच सुचलेला असूनही मी टाकला नव्हता. माझं स्वतःचं नाव. सगळ्यांची टाकली, मेलेल्यांचीसुद्धा टाकली. माझं टाकायला बोटं नेली आणि मागे घेतली. कॉम्प्युटर चूक आहे म्हणाला असता तर? बापाच्या तोंडून ऐकून घेतलं असतं, मशीनकडून ऐकवलं नसतं. आणि बरोबर निघालं असतं तर काय, याचा मी आजपर्यंत विचारच केला नव्हता. आता जागृतीला विचारलं तर ती सांगेलही. पण मी विचारणार नाही. तिने दुसरंच काही सांगितलं तर मी कुठे जाऊ?

अल्पेश जाताना म्हणाला होता, मशीन उघडं ठेवू नका, नवा पासवर्ड घालून घ्या. आज घातला. 'रसिक'. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि टाकून बघितलं.

पहिल्याच झटक्यात उघडलं. आत डिझाइनांची नावं होती, तशीच, ओळीने. एकही उघडत नाही.